भाकरी खाल्ली, नखं वाढली

नखं कापून आठवडा होत नाही, तोच ती पुन्हा वाढलेली दिसतात. आपल्या बोटांची नखं महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतात. तुम्ही शाळेत असा, झोपेत असा नाहीतर मामाच्या गावाला, त्यांचं काम चालूच. आता मला सांगा, ही येतात कुठून? तुम्ही भाकरी खाता, वरणभात खाता, दूध पिता. वरणाच्या वाटीत चुकून नख सापडलं तर जेवणाच्या ताटावरून उठाल! मग ज्या जेवणात नख नव्हतंच, त्यातून नख तयार झालं कसं?

नखं माझी, पण प्रश्न जुना आहे, जवळजवळ २४५० वर्षांपूर्वीचा. ॲनॅक्सागोरस नावाच्या ग्रीक माणसाने तो केसांबद्दल आणि मांसाबद्दल विचारला होता. लोक पाव खातात, पाणी पितात आणि त्यातून त्यांचे केस वाढतात, शिरा वाढतात, हाडं वाढतात. जे केस नाही त्यातून केस कसा येईल? त्याचं उत्तर आपण ऐकणारच आहोत. पण हा प्रश्न इतका मोठा का वाटला हे कळायला त्याच्याही आधी शंभरेक वर्षं मागे जायला हवं, मिलेटस नावाच्या गावी.

मिलेटस हे आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ग्रीक लोकांचं गजबजलेलं बंदर. तिथली लोकर नावाजलेली होती. इजिप्तशी आणि काळ्या समुद्राच्या किनाऱ्यांशी तिथल्या लोकांचा व्यापार चाले. जहाजातून माल येई, तशा गोष्टीही येत. जग कसं जन्मलं, सूर्य कोण ढकलतो, जमीन का हादरते. जितके देश तितक्या कथा. ग्रीक लोकांची स्वतःचीही कथा होतीच: समुद्रदेव पोसायडन रागावला की धरणीकंप होतो.

या गावात थेलीस राहत होता. त्याला वाटलं, देवाच्या रागाशिवाय याचं काही कारण सापडतं का ते बघू. आणि त्याने उत्तर दिलं: सगळं पाण्यापासून झालंय. बर्फ म्हणजे पाणी, वाफ म्हणजे पाणी. बी ओलं असेल तरच रुजतं, अन्नही ओलसरच असतं. पृथ्वी पाण्यावर तरंगते आणि खालचं पाणी हललं की ती डुलते, तोच भूकंप. मिलेटसजवळच्या मिअँडर नदीने तर पुढे इतका गाळ आणून टाकला की ते बंदरच बुजलं. आज त्या गावाचे अवशेष सपाट जमिनीवर उभे आहेत आणि समुद्र कित्येक किलोमीटर लांब गेलाय. पाण्यातून जमीन वर येताना थेलीसने थोडीफार पाहिलीच असणार.

उत्तर चुकलं, हे तुम्हाला आज ठाऊक आहे. पण एक गंमत बघा. ‘पोसायडन रागावला’ असं कुणी म्हटलं तर त्यावर वाद काय घालणार? ‘सगळं पाणी आहे’ असं म्हटलं की लगेच विचारता येतं, मग आग कुठून आली? पाण्याने तर आग विझते!

अगदी हेच त्याच गावातल्या ॲनॅक्सिमँडरने विचारलं. हा थेलीसपेक्षा थोडा लहान, जुन्या लेखकांच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा शिष्यच. त्याने म्हटलं, मूळ पदार्थ पाणीही नसेल आणि आगही नसेल. ज्याला सीमा नाही, ठरावीक गुण नाही, असं काहीतरी अफाट असलं पाहिजे. त्यातून गरम आणि थंड, कोरडं आणि ओलं वेगळं होतं.

मग त्याचा मोर्चा तरंगणाऱ्या पृथ्वीकडे वळला. पृथ्वी पाण्यावर तरंगते, बरं. पाणी कशावर? त्याखाली काही असेल तर ते कशावर? अशा प्रश्नांना शेवटच नाही. म्हणून ॲनॅक्सिमँडर म्हणाला, पृथ्वी कशावरच टेकलेली नाही. ती मधोमध अधांतरी आहे. सगळ्या दिशा तिला सारख्याच, मग डावीकडे का पडावं आणि खालीच का पडावं? पडायला कारणच नाही, म्हणून ती जिथे आहे तिथेच राहते. त्याच्या मते पृथ्वीचा आकार दगडी खांबाच्या एका गोल तुकड्यासारखा होता, उंचीच्या तिप्पट रुंद, आणि आपण त्याच्या वरच्या सपाट बाजूवर राहतो. तो आकार चुकला. पण डोळ्यांना रोज दिसतं की सोडलेली प्रत्येक वस्तू खाली पडते, आणि तरीही एक माणूस नुसत्या विचाराच्या जोरावर म्हणतो की आख्खी पृथ्वी आधाराशिवाय आहे. मला विचाराल तर या लेखातल्या सगळ्या लोकांत याच्याइतकं धाडस कुणी केलं नाही.

आणखी एक. माणसाचं बाळ किती वर्षं परावलंबी असतं! कोकरू जन्मल्यावर थोड्याच वेळात उभं राहतं, आपल्याला चालायलाच वर्ष लागतं. मग जगातली पहिली बाळं कुणी सांभाळली? ॲनॅक्सिमँडरला वाटलं, पहिली माणसं माशांसारख्या प्राण्यांच्या आत वाढली असतील आणि स्वतःला सांभाळण्याइतकी मोठी झाल्यावर बाहेर आली असतील. कल्पना विचित्रच. पण ज्या प्रश्नातून ती निघाली, तो किती बरोबर आहे!

मिलेटसचाच तिसरा माणूस ॲनॅक्सिमेनीस. हा म्हणाला, मूळ पदार्थ हवा. हवा विरळ झाली की आग होते. दाट झाली की वारा, मग ढग, मग पाणी, माती, शेवटी दगड. आणि त्याने पुरावा म्हणून जे दाखवलं ते तुम्हाला आत्ता, बसल्या जागी करता येईल. तळहात तोंडासमोर धरा. तोंड मोठं उघडून ‘हाऽऽ’ करा. हवा गरम लागते ना? आता ओठ आवळून जोरात फुंका. गार! त्याचं म्हणणं असं की ओठांनी हवा दाबली, ती दाट झाली, म्हणून थंड झाली. सैल सोडली, विरळ झाली, म्हणून गरम.

प्रयोग खरा, पण स्पष्टीकरण बरोबर नाही. तोंडातून निघताना हवा दोन्ही वेळा जवळपास सारखीच गरम असते. ओठ आवळून फुंकलं की तिचा झोत वेगवान होतो, तो आजूबाजूची गार हवा आपल्याबरोबर ओढून आणतो आणि हातावरची ऊब व ओल पटकन उडवून नेतो. पण ‘पदार्थ तोच, फक्त दाट किंवा विरळ झाला की रूप बदलतं’ हा विचार किती कामाचा निघाला ते पुढे बघा.

त्या किनाऱ्यावर सगळीकडेच असे विचार चालले होते. कोलोफोनच्या झेनोफनीसने ऐकलं होतं की डोंगरांवर शिंपले सापडतात आणि सिसिली बेटावर सिराक्यूजच्या दगडखाणींत माशांचे ठसे मिळतात. त्याने लगेच ताडलं की तिथे कधीकाळी समुद्र आणि चिखल होता. इफिससचा हेराक्लायटस म्हणाला, जग सतत वाहतं आहे. त्याच नदीत पुन्हा पाय टाकला तरी आता तिथून वेगळं पाणी जातं.

बदल, बदल, बदल! सगळ्यांनी बदल गृहीतच धरला होता. आणि मग दक्षिण इटलीतल्या एलिया गावच्या पार्मेनिडीसने सगळ्यांना अडवलं.

त्याचं म्हणणं नीट ऐका, कारण ते वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. समजा, एखादी गोष्ट नव्याने निर्माण झाली. ती कशातून आली? दोनच शक्यता. ती आधीपासून होती किंवा नव्हती. आधीपासून असेल तर ती नवी कसली? आणि नसेल, तर ती ‘काहीच नाही’मधून आली. पण ‘काहीच नाही’मधून काही कसं येईल? तिथे तर काहीच नाही! म्हणजे नवं काही जन्मत नाही, त्याच तर्काने जुनं काही नष्टही होत नाही. जे आहे ते आहे. एकच, अखंड, न हलणारं. मग आपल्याला पानं गळताना, पोरं वाढताना दिसतात ते? पार्मेनिडीस म्हणेल, डोळे फसवतात. विचारावर विश्वास ठेवा.

त्याचा शिष्य झीनो आणखी पुढे गेला. त्याने सांगितलेली शर्यत अशी. सगळ्यांत चपळ वीर अकिलीस आणि समोर एक कासव. कासवाला १०० मीटरची आघाडी द्या आणि अकिलीस त्याच्या दहापट वेगाने धावतो असं धरा. अकिलीस १०० मीटर जाईपर्यंत कासव १० मीटर पुढे. ते १० मीटर कापेपर्यंत कासव आणखी १ मीटर पुढे. मग दहा सेंटिमीटर, मग एक सेंटिमीटर... कासव कायम थोडं पुढेच! म्हणजे अकिलीस त्याला गाठूच शकणार नाही? वहीत बेरीज मांडून बघा: १०० + १० + १ + ०.१ + ०.०१... कितीही आकडे जोडले तरी ती १११ मीटर आणि एकनवमांशाच्या पुढे जात नाही. तिथेच अकिलीस कासवाला गाठतो. आकडे अगणित असूनही बेरीज मर्यादित राहू शकते, हे काटेकोरपणे मांडायला गणितज्ञांना दोन हजारांहून अधिक वर्षं लागली. झीनोने नुसता प्रश्न विचारून त्यांना कामाला लावलं!

तर आता पेच लक्षात आला? ‘काहीच नाही’मधून काही येत नाही, हे तर पटतं. पण नखं तर वाढतात. एक तर पार्मेनिडीसचं म्हणणं सोडा, नाहीतर स्वतःचे डोळे. ज्यांना दोन्ही सोडायचं नव्हतं, अशा लोकांची खटपट मला फार आवडते.

पहिला सिसिलीतल्या आक्रागास गावचा एम्पेडोक्लीस. त्याने चार मुळं मानली: पृथ्वी, पाणी, हवा, अग्नी. आपल्या पंचमहाभूतांमधलं आकाश वगळलं की हीच चार राहतात. ही चार कधी जन्मत नाहीत, मरत नाहीत, फक्त मिसळतात आणि सुटी होतात. मिसळायचं प्रमाण बदललं की वस्तू बदलते. हाडांसाठी त्याने कृतीसारखं प्रमाणच दिलं होतं: आठ भागांपैकी चार अग्नी, दोन पृथ्वी, दोन पाणी. हवा दिसत नाही, पण ती जागा अडवते हेही त्याला ठाऊक होतं. त्याच्या कवितेत एक मुलगी पितळी भांड्याशी खेळते. त्या भांड्याला तळाशी बारीक भोकं आणि वर निमुळतं तोंड. वरचं तोंड हाताने दाबून ती ते पाण्यात बुडवते, तर पाणी आत शिरत नाही. हात काढला की घुसतं. तुमच्याकडे स्ट्रॉ असेल तर तिचं वरचं टोक बोटाने बंद करून पाण्याच्या पेल्यात बुडवा. आत हवा बसलेली आहे, ती पाण्याला जवळजवळ येऊच देणार नाही.

दुसरा आपला ॲनॅक्सागोरस. केस पावातून येतो ना? मग पावात केस आधीच असला पाहिजे! इतक्या बारीक अंशाने की दिसत नाही, पण आहे. पावात केसाचा अंश आहे, मांसाचा आहे, हाडाचा आहे. तो म्हणाला, प्रत्येक गोष्टीत प्रत्येक गोष्टीचा अंश आहे. ज्याचा अंश जास्त, तसं तिचं रूप आपल्याला दिसतं.

हा माणूस अथेन्समध्ये राहायला गेला आणि तिथे म्हणाला की सूर्य हा देव नसून तापून लाल झालेला प्रचंड दगड आहे, आणि चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, तो सूर्याकडून मिळतो. ग्रहणं का लागतात हेही त्याने बरोबर सांगितलं. अथेन्सच्या लोकांना ते रुचलं नाही. त्याच्यावर खटला झाला आणि त्याला शहर सोडावं लागलं. शेवटची वर्षं तो लॅम्पसॅकस गावी राहिला. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं, तुमच्यासाठी काय करू? तो म्हणाला, मी ज्या महिन्यात मरेन, त्या महिन्यात दरवर्षी मुलांना खेळायला सुट्टी द्या. आणि त्याच्यानंतर कैक शतकं तिथे ही सुट्टी मिळत होती, असं प्राचीन चरित्रकार डायोजिनीस लेर्टियस लिहितो.

तिसरं उत्तर ल्युसिपस आणि त्याचा शिष्य डेमॉक्रिटस यांचं. डेमॉक्रिटस उत्तर ग्रीसमधल्या ॲबडेरा गावचा. त्याने पार्मेनिडीसशी भांडण केलंच नाही. तो म्हणाला, जे आहे ते जन्मत नाही, मरत नाही, बदलत नाही, सगळं मान्य. फक्त ते एकच एक नाही. असे अगणित बारीक कण आहेत, न तुटणारे, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. कण त्या जागेत फिरतात, एकमेकांवर आदळतात, अडकतात, सुटतात. कण तेच; फक्त मांडणी बदलते. ‘वन’ आणि ‘नव’ हे शब्द बघा. अक्षरं तीच, क्रम उलटा, अर्थ पूर्ण वेगळा. अणूंचं, म्हणजे या न तुटणाऱ्या कणांचं, हे अक्षरांचं उदाहरण ॲरिस्टॉटल या नंतरच्या ग्रीक तत्त्वज्ञाने ग्रीक अक्षरं घेऊन दिलं आहे.

आणि नखांचं कोडं सुटलं! भाकरीत नख नव्हतं, पण नखाची ‘अक्षरं’ होती. आज आपण ती नावानिशी सांगू शकतो. ज्वारीच्या रोपाने हवेतून कार्बन घेतला, मातीतून नायट्रोजन आणि गंधक घेतलं आणि दाण्यात प्रथिनं भरली. तुमच्या पोटात ती प्रथिनं सुटी झाली आणि नखाच्या मुळाशी त्याच तुकड्यांतून केराटिन नावाचं नवं प्रथिन जोडलं गेलं. एकही अणू शून्यातून आला नाही.

कण तुटत नाहीत असं का मानायचं? डेमॉक्रिटसच्या बाजूने असा विचार मांडला गेला: वस्तू कितीही वेळा कापता येत असेल, तर शेवटी हातात काय उरेल? लांबीरुंदी नसलेले नुसते बिंदू. आणि असे कितीही बिंदू एकत्र केले तरी त्यांतून वस्तू कशी उभी राहील? म्हणून कुठेतरी थांबावंच लागेल. कुठे, ते आज आपल्याला माहीत आहे. दहा सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी घ्या, अर्धी कापा, त्या अर्ध्याचा अर्धा करा, असं करत राहा. दहाव्या कापाला तुकडा केसाच्या जाडीएवढा होतो. विसाव्याला एखाद्या विषाणूएवढा. आणि तिसाव्या कापाच्या सुमारास तुम्ही अणूपाशी पोचता. फक्त तीस! (कात्री मात्र बाराव्या-तेराव्याच्या आधीच हार मानेल.)

डेमॉक्रिटसच्या डोक्यात इतरही पुष्कळ होतं. आंबट पदार्थांचे कण टोकदार आणि गोड पदार्थांचे गोलसर असतात, असं तो मानायचा. हा तपशील टिकला नाही. आकाशगंगेचा दुधी पट्टा म्हणजे फार जवळजवळ दिसणाऱ्या असंख्य फिकट ताऱ्यांचा एकत्र उजेड, हे त्याचं मत मात्र १६१० साली गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा खरं ठरलं. पन्नासहून अधिक ग्रंथांची नावं त्याच्या नावावर सांगतात. आज त्यांतला एकही पूर्ण उरलेला नाही. त्याचे विचार बरेचसे आपल्यापर्यंत आले ते ॲरिस्टॉटलमुळे, जो त्याच्या मताच्या विरुद्ध होता! रिकामी जागा असूच शकत नाही, असं ॲरिस्टॉटल म्हणे. पण खोडून काढण्यासाठी का होईना, त्याने अणुवाद्यांचं म्हणणं सविस्तर लिहून ठेवलं. जग ॲरिस्टॉटलच्या बाजूने गेलं आणि एम्पेडोक्लीसची ती चार मूलतत्त्वं जवळपास दोन हजार वर्षं टिकली.

इकडे भारतातही वैशेषिक दर्शनात कणादांच्या परंपरेने परमाणू मानले. दोन परमाणूंचं एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं एक त्र्यणुक, आणि झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत जो धुळीचा कण तरंगताना दिसतो तेवढं ते त्र्यणुक, अशी त्यांची मांडणी. तीच तिरीप, तेच धुळीचे कण रोमन कवी लुक्रीशियसनेही इ.स.पू. पहिल्या शतकात पाहिले आणि म्हटलं, हे कण वळवळतात ते न दिसणाऱ्या अणूंच्या धक्क्यांमुळे. तिरिपेतली धूळ बहुतेक हवेच्या झुळकांनी हलते. पण न दिसणारे धक्के खरोखर असतात.

ते १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली सापडले. रॉबर्ट ब्राउन हा वनस्पतिशास्त्रज्ञ परागकणांमधले सूक्ष्म कण पाण्यात ठेवून बघत होता आणि ते थांबेचनात, एकसारखे थरथरत होते. जिवंत असतील म्हणून त्याने दगडांची पूड घेतली, इजिप्तमधल्या स्फिंक्सच्या तुकड्याचीसुद्धा. तीही थरथरली! १९०५ मध्ये आइन्स्टाइनने गणित मांडलं की पाण्याच्या रेणूंचे धक्के बसत असतील तर कण अमुक वेळात अमुक इतके सरकतील. पॅरिसमध्ये झाँ पेराँने ते चिकाटीने मोजलं, आकडे जुळले, आणि १९२६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. अणू आहेत, यावर आता वाद उरला नव्हता.

डेमॉक्रिटसची एक गोष्ट मात्र त्याआधीच मोडली होती. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने अणूहूनही लहान इलेक्ट्रॉन शोधला, म्हणजे अणू तुटतो. १९११ मध्ये रदरफर्डने अणूच्या मधोमध इवलंसं केंद्रक असल्याचं दाखवलं. पुढे केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन सापडले, आणि त्यांच्याही आत क्वार्क. क्वार्क आणि इलेक्ट्रॉन यांच्या आत आणखी काही आहे का? जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात शास्त्रज्ञ प्रोटॉनवर प्रोटॉन आदळवून हेही तपासत आहेत. आजवर तरी कुणाला त्या दोघांचे तुकडे करता आलेले नाहीत.